न्यूझीलंड + फिजी, सहा जण, 18 दिवस: दोन्ही जमवावं की एक सोडावं?

खोडवा

मंडळी, महिनाभर घरात चाललेलं भांडण आता चव्हाट्यावर आणतोय.

आम्ही सहा जण: मी, बायको, मुलगी (11), मुलगा (6), आई (68) आणि बाबा (73). परीक्षा संपली की 26 एप्रिलला निघायचं आणि 14 मेपर्यंत परत. मुंबई-सिंगापूर-ऑकलंड, मग न्यूझीलंडची दोन्ही बेटं, शेवटी चार दिवस फिजी. फिजीहून सिंगापूरला थेट विमान मिळतंय, त्यामुळे पुन्हा ऑकलंडला यायला नको.

प्रत्येकाची फर्माईश वेगळी. मुलीला वायटोमोची काजव्यांची गुहा हवी, मुलाला देवमासा. बायकोला मिलफर्ड साउंड, म्हणजे उभ्या कड्यांमधली समुद्राची खाडी. आईचं म्हणणं, 'कुठेही न्या, पण रोज बॅगा भरायला लावू नका.' आणि बाबांना फिजीतला साखर कारखाना बघायचाय. बाबा आमच्याकडच्या एका सहकारी कारखान्यात केमिस्ट होते, तिथूनच निवृत्त झाले. आई म्हणते, जन्मभर मळीचा वास घेतला, आता लाखो रुपये घालून समुद्रापलीकडची मळी हुंगायला जायचं?

माझं मत फिजी गाळावं आणि न्यूझीलंड निवांत करावं. बाबा काही बोलत नाहीत, पण रोज जेवताना नकाशा उघडतात. गाडी मी चालवणार. अनुभवी लोकांनी सांगा.

रिकामटेकडा

कारखाना बघा. नाहीतर पुढची दहा वर्षं दर दिवाळीला त्या कारखान्याचा धूर तुमच्या घरात निघेल.

वेलिंग्टनकर

चौदा वर्षं इथे आहे, दर उन्हाळ्यात पाहुणे येतात, त्यामुळे हे उत्तर पाठ आहे.

नकाशावर न्यूझीलंड चिमुकलं दिसतं, तिथेच माणूस फसतो. ऑकलंडपासून दक्षिणेच्या टोकापर्यंत रस्त्याने दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर, मध्ये कुकची सामुद्रधुनी. वेलिंग्टन ते पिक्टन बोट साडेतीन तास घेते. शेवटचा तासभर अरुंद खाड्यांमधून जाते, फार देखणा प्रवास आहे, पण सामुद्रधुनी खवळली तर आई-बाबांची अवस्था बघवणार नाही. तुमच्या दिवसांत ते बसत नाही.

मी असतो तर ऑकलंडला उतरून एक दिवस झोप, मग वायटोमो, रोटोरुआ तीन रात्री, परत ऑकलंड आणि थेट विमानाने क्वीन्सटाउन. तिथे एक घर भाड्याने घेऊन पाच रात्री. म्हणजे आईंचं म्हणणंही राहतं. देवमाशासाठी कैकोरा लागतं आणि ते दक्षिण बेटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. मुलाला मिलफर्डच्या खडकांवर लोळणाऱ्या सील दाखवा, सहा वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं.

दिवस लहान असतात हे लक्षात ठेवा. एप्रिलअखेर क्वीन्सटाउनला पावणेसहाला सूर्य मावळतो, मे महिन्यात त्याहून लवकर. डिसेंबरचे फोटो बघून 'रात्री नऊपर्यंत उजेड असतो' या भरवशावर राहू नका. पण क्वीन्सटाउनजवळच्या ॲरोटाउनची पिवळीधमक झाडं त्याच दिवसांत मिळतात, डिसेंबरवाल्यांना नाही.

चिंचबोर

आम्ही एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही. बारा दिवसांत नऊ हॉटेलं. रोज पहाटे साडेपाचला दारावर टकटक, 'बॅगा बाहेर ठेवा'. सासूबाई शेवटी शेवटी साडी नेसूनच झोपायच्या. रात्री मात्र गरम वरण-भात मिळायचा, त्यावर सासरे खूश. स्वतः गाडी चालवायची तर जेवणाचं काय, ते आधी ठरवा.

पोटोबा

माझा विषय आला!

स्वयंपाकघर असलेली घरं घ्या. तिकडे मोटेलच्या खोलीतही बहुधा शेगडी, भांडी, फ्रीज असतो. तांदूळ, डाळ, दही, भाजी कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते. ऑकलंडला भारतीय वाणसामानाची दुकानं रगड आहेत. म्हणून इथून पोतंभर नेऊ नका.

आणि नेणार असाल तर उतरण्याआधीच्या फॉर्मवर सगळं लिहा. खाण्याचा पदार्थ लपवला आणि सापडला की जागच्या जागी 400 डॉलर दंड. लिहिलं असेल तर फार तर ती वस्तू काढून घेतात. आमच्या मातोश्रींनी 'दोनच काड्या आहेत' म्हणून ओला कढीपत्ता पर्समध्ये ठेवला होता. नशिबाने मी रांगेत विचारलं आणि तो तिथल्या पेटीत गेला. मधाची बाटली अजिबात नको. सीलबंद लोणचं, भाजलेलं पीठ, मसाले यांना आमच्या वेळी हरकत घेतली नाही, पण नियम बदलतात, निघण्याआधी त्यांची यादी वाचा.

खरी गंमत बुटांची. वडील रोज टेकडीवर फिरायला जातात ते बूट घालून आले होते, तळाला लाल माती. अधिकाऱ्याने बूट काढून घेतले, वडील मोज्यांवर उभे. दहा मिनिटांनी बूट स्वच्छ धुऊन, पुसून परत! वडील अजून सांगतात, 'आयुष्यात माझे बूट कुणी धुतले असतील तर न्यूझीलंड सरकारने.'

मुग्धमाला

पोटोबा 😂 मी पुढच्या वेळी घरातले सगळ्यांचे बूट घेऊन जाईन.

घाटवाट

वेलिंग्टनकर, बाकी सगळं मान्य, पण मिलफर्ड क्वीन्सटाउनहून एका दिवसात करायला सांगू नका. जाऊन-येऊन जवळजवळ सहाशे किलोमीटर होतात, तेही डोंगरी रस्त्यावर आणि अंधार लवकर पडत असताना. 'ते आनाऊ' नावाच्या गावात दोन रात्री राहा. तिथून मिलफर्ड 118 किलोमीटर. पेट्रोल ते आनाऊलाच भरा, पुढे भरवसा नाही.

वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा, 1954 मध्ये खुला झाला. आत उतार आहे आणि भिंती अजून ओबडधोबड, छिन्नीच्या खुणा दिसाव्यात अशा. तोंडाशी गाडी थांबली की केआ नावाचे पोपट येतात आणि काचेच्या कडेचं रबर सोलतात. आपल्याकडे माकडं, त्यांच्याकडे हे. खायला देऊ नका.

मे ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर बर्फासाठी चाकांच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात. गाडी घेताना मागून घ्या आणि लावायच्या कशा तेही तिथेच बघून घ्या. मी बघितलं नव्हतं.

वेलिंग्टनकर

घाटवाट, मी पाच रात्री म्हटलं, मिलफर्ड एका दिवसात असं कुठे म्हटलं? पण बरोबर आहे, दोन रात्री ते आनाऊ, तीन क्वीन्सटाउन. किंवा तिथून बस घ्या, चालक झोपलेला असला तरी चालतो. म्हणजे घरचा चालक. बसचा नव्हे.

अबोली_के

आणि मिलफर्डला पाऊस असेल तर? आमच्या मैत्रिणीला काहीच दिसलं नाही म्हणे.

घाटवाट

पाऊस असेल तर लॉटरी लागली समजा. वर्षाला 6000 मिलिमीटरच्या वर पडतो तिथे, आंबोलीकरांना घरच्यासारखं वाटेल. कोरड्या दिवशी कायमचे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. पाऊस लागला की उभ्या कड्यांवरून शेकडो धारा सुटतात आणि वाऱ्याने काही खाली पोचायच्या आतच वर उडतात. नाणेघाटातला उलटा धबधबा आठवा, आणि तो समुद्रातून बोटीत बसून बघताय असं समजा.

पाऊस नसेल तर सँडफ्लाय. चिलटाएवढी माशी, चावली की आठवडाभर खाज. माओरी लोक सांगतात, ही जागा इतकी सुंदर झाली की माणसं इथेच रेंगाळतील, म्हणून पाताळाच्या देवीने, हिने-नुई-ते-पोने, या माश्या सोडल्या. देवी यशस्वी झालेली आहे.

नाशिकचा_दादा

गुहेतल्या काजव्यांसाठी एवढे डॉलर? भंडारदऱ्याला जूनच्या तोंडावर झाडंच्या झाडं लखलखतात. पेट्रोल आणि पिठलं-भाकरी, एवढाच खर्च.

काटेकोर

दादा, ते काजवे नव्हेत. काजवा भुंग्याच्या कुळातला. वायटोमोचा प्राणी माशीच्या कुळातला आणि चमकते ती त्याची अळी. छताला चिकट धागे सोडते, उजेडाला भुलून आलेले किडे त्यात अडकतात. अळी म्हणून काही महिने खाते आणि माशी झाल्यावर तोंडच नसतं, दोन-चार दिवसांत अंडी घालून मरते.

आता कामाचं. न्यूझीलंडचा व्हिसा आधी काढावाच लागतो, ऑनलाइन, आणि सहा जणांचे कागद म्हणजे वेळ ठेवा. फिजीत भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी खात्री करा. आपला परवाना इंग्रजीत असेल तर गाडी चालवता येते, वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. मुलगा सात वर्षांच्या आतला आहे, त्याला योग्य आसन बांधणं कायद्याने सक्तीचं. एकेरी पुलांवर तुमच्या बाजूचा बाण लाल आणि लहान असेल तर तुम्ही थांबायचं. आपल्याला समोरचा थांबेल असं गृहीत धरायची सवय असते.

नाशिकचा_दादा

तोंड नसलेली माशी! आमच्या हिला सांगतो. (मार खाऊन येतो.)

अबोली_के

काटेकोर, माहितीबद्दल आभार, पण वायटोमोचं वर्णन इतकं कोरडं करू नका हो. आम्ही गेलो होतो. होडीत वीसेक माणसं, वाटाड्या वर बांधलेल्या दोराला धरून होडी ओढतो, वल्ह्याचाही आवाज नाही. बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. डोळे सरावले आणि वर बघितलं तर छत नव्हतंच, निळसर ठिपके, आणि तेच खाली पाण्यात. माझे सासरे, ज्यांना देवळातही गप्प बसवत नाही, ते हळूच म्हणाले, 'आकाश खाली आलंय काय गं?' आणि पूर्ण होडीने 'शूऽऽ' केलं.

तुकडा_तोडा

आमच्या घरात एकमत होऊन कोणतीही ट्रिप झाली नाही. शेवटी सगळे माथेरानला जातो.

मुग्धमाला

रोटोरुआबद्दल कुणी बोललं नाही. गावात शिरताच कुजक्या अंड्यांचा वास येतो, घाबरू नका, गंधक आहे. मुलं पहिला तासभर एकमेकांवर आरोप करतात. पोहुतु नावाचा गरम पाण्याचा फवारा पैसे देऊन बघायचा, पण कुइराऊ पार्क फुकट: वाफाळणारी तळी, रटरटणारा चिखल आणि पाय सोडून बसायला कोमट कुंड. आईंचे गुडघे दुखत असतील तर संध्याकाळी तिथे बसवा. माझी आई म्हणाली, वज्रेश्वरीसारखंच, फक्त धक्काबुक्की नाही.

खोडवा

किती छान प्रतिसाद! न्यूझीलंडचा आराखडा जवळजवळ ठरला. वेलिंग्टनकर + घाटवाट यांचा तोडगा मान्य. मुलाला सील पटल्या, कारण त्या 'पाण्यातले कुत्रे' आहेत असं ताईने सांगितलं.

फिजीवर मात्र कुणीच बोललं नाही. म्हणजे गाळू ना?

सुवाकर

थांबा, गाळू नका! बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही. नोकरीनिमित्त तीन वर्षं सुव्यात, म्हणजे फिजीच्या राजधानीत होतो.

आधी एक: तुमचं विमान जिथे उतरेल ते शहर 'नाडी' नाही, 'नांदी'. फिजीच्या लिपीत डी लिहितात आणि न्द वाचतात. जी म्हणजे ङ, सी म्हणजे थ. त्यामुळे सिगाटोका नव्हे सिंगाटोका, आणि मामानुका बेटं म्हणजे मामानुथा.

रिकामटेकडा

विमानतळावर उतरल्याबरोबर नांदी. मराठी माणसाला याहून योग्य देश नाही.

चिंचबोर

आणि आमच्या ह्यांनी तिकिटावर वाचलं असतं तर पायजम्याला हात लावला असता.

सुवाकर

😄 आता बाबांचं बोलू.

फिजीत ऊस आणि माणसं यांची गोष्ट एकच आहे. 14 मे 1879 ला 'लिओनिदास' जहाज कलकत्त्याहून पहिल्या मजुरांना घेऊन पोचलं. 1916 पर्यंत साठ हजारांच्या वर माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, नंतर दक्षिणेतलीही. पाच वर्षांचा करार, 'ॲग्रीमेंट', त्याचं झालं 'गिरमिट' आणि माणसं झाली 'गिरमिटिया'. ऊस ऑस्ट्रेलियन कंपनीचा, मळे तिचे, गिरण्या तिच्या. लौटोकाचा कारखाना 1903 चा, नांदीहून पंचवीसेक किलोमीटरवर. कंपनी 1973 मध्ये गेली, कारखाना अजून उभा आहे.

तुम्ही साखरपट्ट्यातले दिसता म्हणून सांगतो. तिथेही ऊसतोडीच्या टोळ्या असतात, आपल्या मुकादमासारख्या म्होरक्याला 'सरदार' म्हणतात. ऊस वाहायला दोन फुटी रुळांची गाडी, म्हणजे माथेरानच्या गाडीएवढीच, रस्त्याच्या कडेकडेने जाते. पण मे महिन्यात गळीत नसतं, हंगाम जूनच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे धुराडं बंद असेल, हे बाबांना आधीच सांगा. हवा मात्र उत्तम, वादळांचे महिने नुकतेच संपलेले.

एक फरक मोठा आहे. ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन मूळ फिजियन कुळांच्या मालकीची, विकता येत नाही. भारतीय वंशाचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खंडाने कसतो. करार संपला की घर-विहिरीसकट उठायचं. त्यात 1987 ची लष्करी बंडं झाली आणि किती घरं ऑकलंड-सिडनीला निघून गेली. तुम्ही ऑकलंडच्या वाणसामानाच्या दुकानात ज्यांच्याशी बोलाल त्यांतले निम्मे फिजीचे निघतील.

भाषा हिंदी, पण आपली टीव्हीवरची नव्हे, भोजपुरी-अवधीच्या वळणाची. आई-बाबांना न्यूझीलंडपेक्षा इथे जास्त बोलता येईल. कुणाच्या खेड्यात गेलात तर टोपी काढा, खांदे झाका आणि यंगोना, म्हणजे 'कावा' नावाच्या झुडपाची मुळं, भेट न्या. नारळाच्या करवंटीतून कावाचं पाणी देतील. चव: धुतलेल्या मडक्याची. जीभ बधिर होते, बाकी काही नाही.

काटेकोर

14 मे हा फिजीत 'गिरमिट डे', 2023 पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुटीही असते. धागाकर्त्यांचा परतीचा दिवस तोच आहे. एक दिवस पुढे ढकलता आला तर बघा.

घाटवाट

सुवाकर, 'उचल' घेऊन ऊसतोडीला निघालेली आपल्या बीडची कुटुंबं आठवली. करार पाच वर्षांचा नसतो एवढंच.

रिकामटेकडा

यावर विनोद सुचला नाही.

वेलिंग्टनकर

खोडवा, मी आधी मुद्दाम फिजीवर बोललो नाही, कारण आमचे पाहुणे तिथे फक्त बेटावरच्या हॉटेलात लोळतात. सुवाकरांचं वाचून मीच जाईन म्हणतो.

*(जवळजवळ चार महिन्यांनी)*

खोडवा

मंडळी, आलो. धागा वर काढतोय, कारण वृत्तान्त देणं लागतो.

न्यूझीलंड थोडक्यात: मिलफर्डला मुसळधार पाऊस, म्हणजे लॉटरी. मुलगा सीलना 'यू यू' करत होता. वायटोमोच्या होडीत आमच्याकडून एकच आवाज झाला, आईच्या बांगड्यांचा. एकेरी पुलावर मी एकदा लाल बाण असताना घुसलो, समोरच्या आजोबांनी हसून हात केला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आनाऊच्या घरात आईने थालीपीठ लावलं आणि धुराचा भोंगा वाजला. तो बंद करायला खुर्चीवर चढलेला मी, हा सहलीतला सर्वांत चांगला फोटो.

आता फिजी. परतीचं तिकीट 15 मेचं केलं. (काटेकोर, आभार.) लौटोकाला टॅक्सीने गेलो. कारखाना बंद, आत सोडत नाहीत. बाबा फाटकापाशी उभे राहिले आणि फाटकावरच्या माणसाशी मोडक्या हिंदीत बोलले, 'बॉयलर कधी पेटवणार?' तो म्हणाला, डागडुजी चालू आहे, महिनाभरात. बाबा मला म्हणाले, 'वास तोच आहे.' मला खरंच काही वास आला नव्हता.

टॅक्सीवाला हे ऐकत होता. त्याने परस्पर गाडी त्याच्या काकांच्या शेतावर नेली. साठीतले गृहस्थ, पणजोबा गिरमिटिया, दोन्ही मुलं ऑकलंडला. दहा एकर खंडाने. बांधावर उभा राहून बाबांनी खिशातून काय काढलं असेल? हँड रिफ्रॅक्टोमीटर, उसाच्या रसाची गोडी मोजायची नळी! निवृत्तीच्या दिवशी घरी आणलेला, पितळी कडा झिजलेल्या. कुणालाही न सांगता त्यांनी तो मुंबईहून पायमोज्यात गुंडाळून आणला होता. ऊस मोडला, मधल्या कांडीतून थेंब काढला, काचेवर पसरवला आणि सूर्याकडे धरून बघितलं. मग काकांच्या हातात दिला. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. बाबा म्हणाले, 'सतरा. अजून महिना-दीड महिना उभा राहू दे.' काका म्हणाले, 'मिल भी तभी खुलेगी.' आणि दोघे खोडव्यावर (म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसावर), खतावर, साखरेच्या उताऱ्यावर जे सुरू झाले ते तासभर. आई तोवर काकूंबरोबर चुलीपाशी. 'खाय के जाना' म्हणाल्या, खाऊनच निघालो: पोळी, भोपळ्याची भाजी, लोणचं.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, 'मळी नाही ना हुंगली?' बाबा म्हणाले, 'पुढच्या वेळी हंगामात येऊ.'

सुवाकर

दोनदा वाचलं. कावाचं काय झालं?

खोडवा

बाबांनी तीन करवंट्या घेतल्या. रात्रभर 'स'चा 'श' करत होते.

वेलिंग्टनकर

बरं झालं फिजी शेवटी ठेवलंत. त्या उसाच्या शेतातली माती बुटाला लावून ऑकलंडला उतरला असतात, तर सरकारला पुन्हा बूट धुवावे लागले असते.

पोटोबा

आणि ऑकलंडला जाताना खाण्याचं काय नेलं होतं? अडवलं का?

खोडवा

मेतकूट. फॉर्मवर लिहिलं होतं. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला, जोरात शिंकला आणि पुढे जा म्हणाला.